गावचे आरोग्य : कुंपणाबाहेर राहणाऱ्यांनी काय विचारावे?



यवतमाळहून नागपूरला जाताना बुटीबोरी ओलांडली की खापरीजवळ मिहानचा पसारा दिसतो. मिहान म्हणजे नागपूरचे मालवाहतूक केंद्र व विमानतळ. त्यासाठी 2002 साली महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी स्थापन झाली. शिवणगाव, खापरी, तेल्हारा, दहेगाव, कलकुही अशा गावांची वावरे त्यात गेली. शिवणगावच्या मोबदल्याचा नि पुनर्वसनाचा प्रश्न वर्षानुवर्षे रेंगाळला. पुणे जिल्ह्यात पुरंदरच्या सात गावांनीही 2025 मध्ये विमानतळाच्या मोजणीला विरोध केला; पुढे अनेकांनी संमतिपत्रे दिली.

असा प्रकल्प आला की चावडीवर एकरी भावाची चर्चा होते. ती व्हायलाच हवी. पण ज्याचे वावर गेले त्याच्या हाती काही तरी मोबदला पडतो. ज्याचे घर-वावर कुंपणालगत राहिले, त्याला दमडीही मिळत नाही. आवाज, धूर नि पावसाचा लोंढा मात्र त्याच्याच वाट्याला येतो. म्हणून त्याने तीन गोष्टी आधीच विचारून घ्याव्यात.

पहिली गोष्ट झोपेची. तातडीचा माल दिवसभर गोळा होतो आणि पुष्कळदा रात्री उडतो. जर्मनीत लाइपझिग येथे 2008 साली मोठे मालवाहू केंद्र सुरू झाले. तेथील रहिवाशांची मुख्य तक्रार रात्रीच्या विमानांचीच आहे. विमानांचा रात्रीचा आवाज 40 डेसिबलच्या आत असावा, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने 2018 मध्ये केली. झोप सतत मोडली तर रक्तदाब वाढतो. शाळेवरून विमाने जात असतील तर मुलांचे वाचन मागे पडते, असे इंग्लंड, हॉलंड नि स्पेनमधील 2005 च्या पाहणीत दिसले. तेव्हा रात्री 10 ते सकाळी 6 या वेळात किती विमाने येतील, तो आकडा मागावा.

दुसरी गोष्ट धुराची. विमानापर्यंत माल ट्रकनेच येतो. डिझेलच्या धुराने दमेकरी, म्हातारी माणसे नि लहान लेकरे यांना आधी त्रास होतो. ट्रकचा रस्ता गावठाणातून जाणार की बाहेरून, हे नकाशावर बोट ठेवून दाखवायला सांगावे.

तिसरी गोष्ट पाण्याची. 3 किलोमीटर लांब नि 45 मीटर रुंद धावपट्टी म्हणजे साडेतेरा हेक्टर पक्की जमीन. तीवर 50 मिलिमीटर पाऊस पडला तर साडेसदुसष्ट लाख लिटर पाणी होते. पूर्वी त्यातले बरेचसे जमिनीत मुरत असे. आता ते कोणत्या नाल्याला सोडणार? खालच्या वावरांची काळी माती खरवडून जाईल का? तेलकट पाणी विहिरींत उतरू नये म्हणून काय सोय आहे?

फायद्याचा हिशेबही शांतपणे करावा. विमानाने हलका, महाग किंवा नाशवंत माल जातो. आपली कापसाची गाठ सुमारे 170 किलोची. तिचा नि सोयाबीन-तुरीचा प्रवास रेल्वे, ट्रक नि जहाजानेच व्हायचा. फुले-भाजी पिकवणाऱ्याला लाभ होऊ शकेल, पण जवळ शीतगृह असले तरच.

हे सारे विचारण्याची जागा कायद्यात आहे. 2006 च्या पर्यावरण अधिसूचनेप्रमाणे नव्या विमानतळाला केंद्राची पर्यावरण मंजुरी लागते आणि त्याआधी जनसुनावणी घ्यावी लागते. तिची सूचना किमान 30 दिवस आधी द्यावी लागते. अहवालाचा मसुदा जिल्हाधिकारी कार्यालयात व जिल्हा परिषदेत पाहायला मिळतो. त्याचा सारांश मराठीत असावा लागतो. सुनावणीचे चित्रीकरण होते आणि शेवटी इतिवृत्त लोकांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवावे लागते. आपला प्रश्न त्यात आला नसेल तर तेथेच उठून सांगावे.

सुनावणीआधी ग्रामसभेत प्रश्न ठरवा. प्रत्येक विहिरीची पाणीपातळी लिहून ठेवा, पाणी तपासून घ्या. उद्या विहीर बिघडली तर आजचा कागदच पुरावा ठरेल. प्रश्न लेखी द्या, पोच घ्या. आणि बायाबापड्यांना सुनावणीला न्यायला विसरू नका. घरातल्या आजाऱ्याची रात्र कशी जाते, ते त्याच नेमके सांगतील.