एक वायर, आठ मोबाइल

अकरावीच्या प्रवेशाचे दिवस आले की आम्हा शिक्षकांच्या दाराची बेल जरा जास्तच वाजते. उल्हासनगर असो, अंबरनाथ असो की बदलापूर, अर्ज ऑनलाइनच भरायचा. पहिल्या भागात माहिती, दुसऱ्या भागात कॉलेजांचे पसंतीक्रम, जास्तीत जास्त १०.

मागे अशाच एका संध्याकाळी आमच्या अंबरनाथच्या बिल्डिंगमधली एक मुलगी अम्मीला घेऊन आली. अब्बू उल्हासनगरला जीन्स शिवण्याच्या कारखान्यात. घरात मोबाइल एकच, त्याचा दिवसाचा दीड जीबी संपलेला. पसंतीक्रम भरायची ती शेवटची संध्याकाळ. "सर, पाच मिनिटं नेट मिळेल का?"

आमच्या घरी केबलवाल्याची वायर थेट संगणकात येते, राउटर नाही. संगणकावर आमच्या चिरंजीवांची ऑनलाइन चाचणी चालू होती, त्याला उठवता येईना. आमच्या मोबाइलला घरात धड रेंज नाही. तेव्हा आठवले, संगणकालाच हॉटस्पॉट करता येते.

कसे, ते सांगतो. वायरने आलेले इंटरनेट संगणक वाय-फायने पुढे वाटतो. त्यासाठी संगणकात वाय-फाय हवे. लॅपटॉपमध्ये ते असतेच. टेबलावरच्या जुन्या संगणकात बहुधा नसते. मग यूएसबीत बसणारा छोटा वाय-फाय अडॅप्टर लावावा लागतो. आम्ही तो आधीच आणून ठेवला होता.

विंडोज १० किंवा ११ असेल तर सेटिंग्ज उघडा, नेटवर्क अँड इंटरनेटमध्ये जा, मोबाइल हॉटस्पॉट निवडा. इंटरनेट कुठून घ्यायचे तिथे इथरनेट, म्हणजे आपली वायर. कशावरून द्यायचे तिथे वाय-फाय. खाली नाव आणि पासवर्ड दिसतो. पासवर्ड स्वतःचा ठेवा, किमान ८ अक्षरांचा. मग बटण चालू करा. एका वेळी ८ उपकरणे जोडता येतात. जुन्या मोबाइलला नाव दिसत नसेल तर बँड २.४ गिगाहर्ट्झ करा. तो भिंतीपलीकडेही बरा पोहोचतो. आणि संगणक झोपला की हॉटस्पॉटही झोपतो, म्हणून स्लीपची वेळ वाढवून ठेवा.

मुलगी आमच्या स्वयंपाकघराच्या दाराशी बसली. दहाही कॉलेजे भरली, अर्ज लॉक केला, आणि तिच्या अम्मीने मोठा श्वास सोडला. आम्हालाही बरे वाटले.

खरी गोष्ट पुढची. पासवर्ड तिच्या मोबाइलमध्ये राहिला. तिच्याकडून तो भावाला, भावाकडून मित्रांना गेला. आम्ही रोजच हॉटस्पॉट चालू ठेवू लागलो होतो. आठवड्याने चिरंजीवांचा तास मध्येच अडकू लागला. पाहिले तर ७ मोबाइल जोडलेले, त्यातले ४ कुणाचे ते आम्हालाच ठाऊक नाही! आम्ही पासवर्ड बदलला. दुसऱ्या दिवशी जिन्यात त्या मुलीच्या अम्मीने सलाम केला, पण नजर खाली. आमच्या बेगम म्हणाल्या, "दार बंद केलंत, पण का ते सांगितलंत का?"

बरोबर होते. शेजाऱ्याचा हक्क आम्ही वर्गात शिकवतो, आणि इथे न बोलता कडी लावली. संध्याकाळी आम्ही त्यांच्या घरी गेलो आणि नीट समजावले. कनेक्शन आमच्या नावावर आहे. त्यावरून कुणी फसवणूक केली किंवा वाईट मजकूर पाठवला तर चौकशी आधी आमच्याच दारी येईल. शिवाय असे कनेक्शन घरच्या वापरासाठी असते, बिल्डिंगभर वाटण्यासाठी नाही. अर्ज, निकाल, शिष्यवृत्ती, अशा कामाला मात्र केव्हाही या. आमच्याकडे बसा आणि काम करा. मुलीच्या अब्बूंनी चहा मागवला. "सर, हे आधीच बोलला असतात तर," एवढेच म्हणाले. आम्ही मान खाली घातली.

तेव्हापासून आमचा नियम ठरला. गरज असेल तेव्हा हॉटस्पॉट चालू, काम झाले की बंद. पाहुण्याला दिलेला पासवर्ड त्याच रात्री बदलायचा. आणि दुसऱ्याच्या हॉटस्पॉटवर आपण बसलो असू तर ती अमानत समजायची: सिनेमा उतरवायचा नाही, पासवर्ड पुढे द्यायचा नाही.

आणखी एक. घरात रोजच तीन-चार मोबाइलना नेट लागत असेल तर संगणक दिवसभर तापवू नका. राउटर त्याच्या मानाने फारच थोडी वीज खातो; तोच घ्या. हॉटस्पॉट अडीअडचणीसाठी ठेवा.

ती मुलगी आता कॉलेजला जाते. पसंतीक्रमातले तिसरे मिळाले. पेढे घेऊन आली तेव्हा नवा पासवर्ड तिने विचारला नाही, आम्हीच विचारले, "बेटा, काही अर्ज राहिलाय का?"