कथेंतील आंतला आणि बाहेरचा झगडा

कथा अगर नाटक शिकवितांना संघर्षाचे दोन प्रकार सांगण्याचा प्रघात आहे. मनुष्याचा दुसऱ्या मनुष्याशीं, रूढीशीं किंवा निसर्गाशीं जो झगडा तो बाह्य. स्वतःच्याच मनाशीं जो, तो आंतरिक. व्याख्या बरोबर आहे, आणि विद्यार्थ्यांस ती पाठही लवकर होते. इतकी लवकर, कीं पुस्तक उघडण्यापूर्वींच वहीच्या पानावर मधोमध रेघ मारून दोन रकाने तयार होतात. आमचा आक्षेप ह्या रेघेवर आहे.

राम गणेश गडकरी ह्यांचें ‘एकच प्याला’ घ्या. १९१९ सालीं, कर्त्याच्या मृत्यूनंतर थोड्याच दिवसांनीं, तें रंगभूमीवर आलें. सुधाकर हा बुद्धिमान व मानी वकील. न्यायासनाशीं चकमक उडून त्याची सनद कांहीं महिने तहकूब होते. येथें विद्यार्थी बाह्य संघर्षाचा रकाना भरून मोकळा होतो. परंतु सनद गेलेला प्रत्येक वकील दारूकडे वळत नाहीं. घाव बाहेरचा खरा, पण तो बसतो सुधाकरच्या मानीपणावर, आणि मानीपणा तर आंतला. तळीराम प्याला पुढें करतो; उचलतो तो सुधाकरच. पुढें दारू सोडण्याचा निश्चय करून तो कामधंदा मागावयास निघतो, तेव्हां प्रतिष्ठित मंडळी त्याला झिडकारतात आणि तो पुन्हां प्याल्याकडे वळतो. हा प्रसंग कोणत्या रकान्यांत घालावयाचा? निश्चय जगानें मोडला, कीं मोडावयास तो निमित्तच शोधीत होता? ह्या प्रश्नावर वर्गांत दोन तट पडले, तर त्या तासाचें सार्थक झालें असें आम्ही समजतों.

दुसरें एक मत अलीकडे बरेंच ऐकूं येतें. आंतरिक संघर्ष तेवढा श्रेष्ठ. पूर, वाघ, सावकार हा सारा बाळबोध वाचकांचा खाऊ! ह्या मताला आधार अगदींच नाहीं असें नव्हे. आगरकरांनीं १८८३ सालीं ‘हॅम्लेट’ मराठींत आणलें व त्यास ‘विकारविलसित’ असें नांव दिलें, हें मोठें मार्मिक आहे. बापाचा घात कोणीं केला हें कळल्यावरही त्या राजपुत्राचा हात चालत नाहीं, ह्यांतच नाटकाचें बहुतेक बळ आहे. पण हेंच माप घेऊन प्रत्येक कथा मोजूं लागलें म्हणजे मोठा अन्याय घडतो.

हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो!’ ही कादंबरी १८९० पासून ‘करमणूक’ पत्रांत क्रमशः येऊं लागली. यमू आपली कहाणी स्वतःच सांगते, त्यामुळें तिच्या मनांतील ओढाताण आपणांस जवळून दिसते. मोकळेपणानें वागावें असें पतीला वाटतें. लहानपणापासून अंगीं बाणलेला संकोच तिला मागें खेचतो. येथपर्यंत आंतरिक संघर्षाची भाषा शोभते. पण पतीच्या निधनानंतर सासरीं तिचें केशवपन बळजबरीनें केलें जातें, तेथें ती भाषा थांबली पाहिजे. “यमूचें मन दुबळें, म्हणून तिची अशी दशा झाली,” अशा अर्थाचें उत्तर आम्हांस अधूनमधून वाचावें लागतें. तिच्यापुढें दुसरी वाट होती कोठें? पीडिलेल्याच्या मनांत दोष हुडकूं लागलें, कीं पीडा देणारे आपोआप निर्दोष सुटतात. आणि पुस्तकांत असा न्याय करणारा मुलगा उद्यां आपल्या आळींतही तसाच न्याय करील, ही आमची खरी धास्ती आहे.

म्हणून रकाने भरण्यापूर्वीं एकच प्रश्न विचारावा: ह्या माणसाला ह्या घटकेस निराळें कांहीं करतां आलें असतें काय? उत्तर पुष्कळदां सरळ येत नाहीं. साने गुरुजींनीं १९३३ सालीं नाशिकच्या तुरुंगांत लिहिलेल्या ‘श्यामची आई’ ह्या पुस्तकांतील पोहण्याचा प्रसंग आमच्या विद्यार्थ्यांच्या आवडीचा आहे. श्याम भिऊन घरांत लपून बसतो. आई त्याला बाहेर ओढून काढते व मारीत मारीत पोहावयास धाडते. विहिरीचें पाणी बाह्य, श्यामची भीति आंतरिक, एवढें सर्वजण बिनचूक लिहितात. आईच्या मनांत त्या वेळीं काय चाललें होतें, ह्याविषयीं मात्र अजून एकाही वहींत आम्हांस ओळ सांपडलेली नाहीं.