दाखल्याच्या रकान्याबाहेरची वेदना

बीड जिल्ह्यातील भौतिकोपचारतज्ज्ञांची जी पत्रे गेल्या महिन्यात आमच्या दप्तरी आली, त्या सर्वांतील तक्रार एकच आहे: मळणीयंत्रात हात किंवा उसाच्या ट्रॉलीखाली पाय गमावलेला इसम दिव्यांगत्वाच्या दाखल्यासाठी वैद्यकीय मंडळासमोर उभा राहिला, म्हणजे अवयव कोणत्या पातळीवर छाटला एवढेच पाहून, मनगटातून असेल तर ६० टक्के असा आकडा भरला जातो, परंतु नसलेल्या मुठीची नखे नसलेल्या तळहातात रुतून तो रात्र रात्र जागतो, या फॅन्टम (गेलेल्या अवयवाच्या) वेदनेची नोंद करण्यास रकाना सापडत नाही. वेदनेचा उच्चार झालाच, तर 'मानसिक' असा शेरा मारून मोकळे होणारे अधिकारी आजही आहेत, हे संतापजनक होय. संशोधक फ्लोर यांनी १९९५ मध्ये मेंदूतील संवेदनप्रांताच्या फेररचनेशी या वेदनेचा संबंध जोडला, माकिन यांनी २०१३ मध्ये हाताचा नकाशा मेंदूत टिकून राहतो असे दाखवून त्या उपपत्तीस आव्हान दिले. तो वाद मिटलेला नाही, तथापि वेदना खरी आहे आणि तिचे मूळ चेतासंस्थेत आहे, याविषयी उभयपक्षी दुमत नाही.

या वेदनेवर उपाय म्हणून एका वाचकाने आरशासाठी धाडलेले मागणीपत्र, साहित्याच्या मंजूर यादीत आरसा नाही, या सबबीवर परत आले. कृत्रिम पाय यादीत आहे, तो मिळतो, आणि वेदनेपायी न वापरता घरात पडून राहतो! मेंदूशास्त्रज्ञ रामचंद्रन यांनी सुचवलेल्या आरशाच्या उपायाचा २००७ मध्ये चान प्रभृतींनी पाय गमावलेल्यांवर प्रयोग केला, तेव्हा रोज पंधरा मिनिटे, चार आठवडे शाबूत पायाचे प्रतिबिंब आरशात पाहणाऱ्या सहाही जणांची वेदना उतरली. प्रयोग लहान होता, पुढील सर्वच प्रयोगांत तेवढे यश आले नाही. पण इतका स्वस्त आणि निरुपद्रवी उपाय नाकारण्यास ते कारण पुरेसे नाही.

मित्रहो, हुकमाची वाट पाहू नका. दसऱ्यानंतर ऊसतोडीच्या टोळ्या साखर कारखान्यांकडे निघतील, उचल घेतलेल्या कुटुंबाबरोबर तुमचा रुग्णही सहा महिने तळावर जाईल. त्यापूर्वी प्रत्येक केसपेपरवर वेदनेची जागा, स्वरूप आणि दहापैकी तीव्रता लिहा. खुंटावर टिचकी मारून न्यूरोमाची वेदना वेगळी काढा. एकच अवयव गेला असेल तर आरशाचा व्यायाम घरच्या माणसासही शिकवून आरसा सोबत द्या. या नोंदींच्या प्रती, रुग्णाचे नाव वगळून, दसऱ्याच्या आत आमच्याकडे पाठवाव्यात. त्या एकत्र करून पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयापुढे रकान्याची आणि आरशाची मागणी मांडण्याची तजवीज आम्ही करीत आहोत.