भयपटाची श्रेयनामावली ओरखड्यांनी घडत नाही

१/ विद्यार्थ्यांच्या भयलघुपटांचा आरंभ आता पाठ केल्यासारखा झाला आहे. काळा पडदा, थरथरणारी ओरखडलेली अक्षरे, मध्येच लाल डाग, कुठेतरी करकरणारे दार. हे कुठून आले, असे विचारले की उत्तर ठरलेले: डेव्हिड फिंचर यांचा 'सेव्हन', १९९५. उत्तर बरोबर आहे. त्यातून घेतलेला धडा मात्र साफ चुकीचा आहे.

२/ 'सेव्हन'ची श्रेयनामावली काइल कूपर यांनी घडवली. तीत दिसते काय? कोणीतरी पात्याने बोटांची त्वचा सोलतो, वह्या शिवतो, छायाचित्रे कापतो, छापील मजकूर खोडतो. हा खुनी आहे, आणि त्याचा चेहरा चित्रपटात फार उशिरा दिसतो. प्रेक्षकाची आणि त्याची पहिली भेट इथे, केवळ हातांमधून होते. हाताने कोरलेली ती वेडीवाकडी अक्षरे त्याच्याच वह्यांच्या कुळातली आहेत. तिथला ओरखडा हा कथेतला पुरावा आहे. ज्या लघुपटात असा लिहिणारा कोणी नाहीच, तिथे ती अक्षरे कोणाची?

३/ थोडे मागे जाऊ. एके काळी अमेरिकेतील चित्रपटगृहांत नावे बंद पडद्यावरच उमटत आणि ती संपत आली की पडदा सरके. १९५५ मध्ये ऑटो प्रेमिंजर यांनी 'द मॅन विथ द गोल्डन आर्म'च्या रिळांच्या डब्यांवर सूचना लावली: नावे सुरू होण्याआधी पडदा उघडा. हा भयपट नव्हे. पण नावांच्या त्या दोन मिनिटांना चित्रपटाचा भाग मानण्याचा आग्रह इथे स्पष्ट दिसतो. ती नावे सॉल बास यांनी रचली होती.

४/ त्याच बास यांची 'सायको'ची (१९६०) नामावली पाहावी. राखाडी पट्ट्या सरकतात, नावे चिरली जातात, क्षणभर जुळतात, पुन्हा तुटतात. सोबत बर्नार्ड हरमन यांची केवळ तंतुवाद्ये. रक्ताचा थेंबही नाही. दुभंगलेल्या मनाची गोष्ट सरळ रेषांत सांगून झालेली असते, आणि ती सांगितली गेल्याचे प्रेक्षकाला शेवटी कळते.

५/ 'आमच्याकडे पैसे नाहीत' हा युक्तिवाद तर मुळीच टिकत नाही. जॉन कार्पेंटर यांचा 'हॅलोविन' (१९७८) सुमारे ३ लाख डॉलरमध्ये, म्हणजे हॉलिवूडच्या मानाने चिल्लर रकमेत झाला. त्याच्या नामावलीत आहे एक कोरलेला भोपळा, आतली ज्योत आणि त्याच्याकडे अतिशय सावकाश सरकणारा कॅमेरा. पाच मात्रांची ती पियानोची धून कार्पेंटर यांचीच. शेवटी ज्योत विझते. भोपळ्याला डोळे आहेत आणि आपण त्यांच्याजवळ जात आहोत, एवढेच पुरते.

६/ कुब्रिक यांचा 'द शायनिंग' (१९८०) याहून धीट. माँटानातील ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानाचे भरदिवसाचे हवाई चित्रण, रस्त्यावर एक इवलीशी पिवळी गाडी, आणि नावे खालून वर सरकत जातात, जशी ती एरवी चित्रपट संपल्यावर सरकतात. अंधार नाही, ओरखडा नाही, आणि प्रत्येक नाव स्वच्छ वाचता येते.

७/ वाचता येणे ही क्षुल्लक बाब समजू नये. जॉर्ज रोमेरो यांच्या 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड'चे (१९६८) आधीचे नाव 'नाइट ऑफ द फ्लेश ईटर्स' होते. वितरकाने ते बदलले. स्वामित्वहक्काची सूचना जुन्या शीर्षकाच्या चौकटीवर होती. ती चौकट गेली आणि नव्या चौकटीवर सूचना घालायची राहिली. त्या काळच्या अमेरिकी कायद्यानुसार चित्रपट थेट सार्वजनिक मालकीचा झाला. कोणीही तो दाखवावा, कोणीही प्रती विकाव्यात. निर्मात्यांचे हात रिकामे.

८/ तेव्हा संकलनाच्या टेबलावर ओरखड्यांचा तयार थर चढवण्यापूर्वी दोन प्रश्नांची उत्तरे हवीत. ही अक्षरे गोष्टीतल्या कोणाच्या हातची आहेत? आणि फुकट राबलेल्या ध्वनिमुद्रकाचे नाव त्यांत वाचता येते का?