कोनाचा जाब

कोराडीच्या तलावाकाठी सकाळी फिरणाऱ्या आमच्या मंडळींत गेल्या हिवाळ्यात एक वाद पेटला, तो अजून विझलेला नाही. आमच्यातल्या एकाचा भाचा अमेरिकेत, कोलोरॅडोत असतो. तिथे सप्टेंबरात परवाना काढून धनुष्यबाणाने एल्कची शिकार करता येते. एल्क म्हणजे आपल्या सांबराच्याच कुळातला, पण त्याहून दांडगा प्राणी. वाढलेला नर 300 किलोंच्या वर भरतो. भाच्याने मामाला फोनवर सांगितलं, "तीन दिवस डोंगर तुडवला. चौथ्या दिवशी नर पंचवीस पावलांवर आला, पण छाती माझ्याकडे करून उभा राहिला. बाण ताणलेला होता, सोडला नाही. तो वळला आणि झाडीत गेला."

एवढ्यावरून आमच्यात दोन तट पडले. एक म्हणाला, "जीव घ्यायलाच निघाला, मग कोनाचे हिशेब कशाला? हा मनाला फसवायचा धंदा आहे." दुसऱ्याचं वावर सावनेरकडे आहे आणि रानडुकरांनी त्याची तूर दोन वर्षं नासवली आहे. तो म्हणाला, "कुठूनही मारा न भाऊ, मेला पाहिजे बस." मला ही दोन्ही म्हणणी चुकीची वाटतात. आणि प्रश्न कोलोरॅडोचा नाही, आपल्या वावरांचा आणि आपल्या जंगलाचा आहे, म्हणून लिहितो आहे.

आधी कोन म्हणजे काय ते पाहू. बंदुकीची गोळी हाड फोडते, धक्क्यानेही लोळवते. बाणाचं तसं नाही. त्याचं पातं कापतं आणि जनावर रक्तस्रावाने मरतं. म्हणून बाण दोन्ही फुप्फुसांतून आरपार गेला पाहिजे, आणि ती फुप्फुसं पुढच्या पायाच्या मागे, बरगड्यांच्या पिंजऱ्यात असतात. जनावर पूर्ण आडवं उभं असेल तर ती जागा मोकळी सापडते. थोडं पाठमोरं तिरकं असेल तरी चालतं. बाण मागच्या बरगड्यांतून शिरून पलीकडच्या पुढच्या पायाकडे जातो आणि वाटेत छाती चिरतो. पण ते तिरकं होऊन आपल्याकडे वळलेलं असेल तर खांद्याचं फरं आड येतं. समोरासमोर असेल तर छातीचं हाड मध्ये येतं. अगदी पाठमोरं असेल तर बाण मांडीत किंवा पोटात रुततो. पोटात बाण घेतलेलं जनावर तासन् तास जगतं, आणि शिकाऱ्याला त्याच्या मागावर जायच्या आधी अर्धा दिवस थांबावं लागतं, कारण लगेच पाठलाग केला तर ते आणखी दूर पळून झाडीत एकटं मरतं. भाच्याने बाण का सोडला नाही, याचं उत्तर यात आहे.

आता पहिल्या मित्राचं म्हणणं घेतो. कोन बरोबर असला म्हणून शिकार पुण्याची होते, असं मी म्हणत नाही. हौसेसाठी जीव घ्यावा हे मला पटत नाही. आपल्या देशाने 1972 साली वन्यजीव संरक्षण कायदा केला आणि 1991 च्या दुरुस्तीने परवान्याची शिकार उरलीसुरली बंद केली, ते योग्यच झालं. पण मारावं की नाही हा एक प्रश्न आणि मारायचं ठरल्यावर कसं मारावं हा दुसरा. पहिल्याचं उत्तर चुकलं म्हणून दुसरा निरर्थक ठरत नाही. पहिल्याचं उत्तर बरोबर आलं तरी दुसरा सुटत नाही. आणि ही विलायती खोड मुळीच नाही. महाभारतात पंडू राजा मृगाच्या जोडीवर बाण टाकतो. मृगाच्या रूपातला किंदम ऋषी मरताना त्याला जाब विचारतो, तो हरीण मारल्याबद्दल नाही. राजाने मृगया करावी हे तो मान्य करतो. समागमाच्या क्षणी बाण का सोडलास, थांबला का नाहीस, हा त्याचा सवाल आहे. दशरथाचा बाण श्रावणाला लागला तोही पाहून सोडलेला नव्हता, आवाजावर सोडलेला होता. कुणावर, कुठून आणि कोणत्या क्षणी नेम धरायचा, याचा विचार आपल्याकडे फार जुना आहे. त्याला ढोंग म्हणताना आपण आपल्याच परंपरेतलं एक शहाणपण टाकून देतो.

दुसऱ्या मित्राशी बोलताना मात्र मला जपून बोलावं लागतं, कारण त्याचं दुःख खरं आहे. थंडीत मचाणावर जागल करून तूर राखणारा माणूस पहाटे घरी येतो तेव्हा त्याच्या डोळ्यांकडे पाहवत नाही. रानडुक्कर आणि रोही पिकांवर उतरले तर वनखात्याच्या परवानगीने त्यांना मारता येतं, आणि ती परवानगी असायला हवी, हे मी मान्य करतो.

पण त्याच्याच धुऱ्यावर मी एक डुक्कर पाहिलं आहे. सकाळी आठ-साडेआठची वेळ होती. रात्री कुणीतरी भरमार बंदुकीतून छर्रा मारला होता, तो पोटात घुसला होता. डुक्कर नाल्याच्या चिखलात बसलं होतं, मरत नव्हतं. जखमेवर माश्या होत्या आणि ते दर थोड्या वेळाने मागचे पाय ओढून पुढे सरकायचं. जिथून सरकलं तिथे चिखलात लाल रेघ उमटायची. गावातली पोरं पाहायला जमली होती, पण जवळ जायची कुणाची हिंमत नव्हती, कारण घायाळ डुक्कर माणसाला फाडतं. दुपारनंतर ते मेलं. मित्र माझ्या शेजारीच उभा होता. तेव्हा तो "मेला पाहिजे बस" म्हणाला नव्हता.

हे काही केवळ नशीब नव्हतं. वयात आलेल्या नराच्या खांद्यावर कातडीखाली जाड, चिवट कवच असतं, आणि त्याचं काळीज माणूस समजतो त्यापेक्षा खाली आणि पुढे असतं. अंधारात, टॉर्चच्या झोतात, पळत्या डुकरावर मारलेला छर्रा पोटातच जाणार. याहून वाईट आहे कुंपणाला सोडलेला करंट. आमच्या कोराडीच्या वीज केंद्रात तयार होणारीच वीज कुठल्यातरी धुऱ्यावरच्या उघड्या तारेत उतरते आणि डुकराऐवजी वाघ, कधी रात्री पाणी द्यायला निघालेला माणूस तिच्यावर जातो. तारेला समोर कोण आहे ते दिसत नाही आणि तिला थांबता येत नाही. कोलोरॅडोतल्या त्या पोराने जे केलं, म्हणजे समोरचं पाहिलं आणि हात आवरला, ते तार कधीच करू शकत नाही.

आणि कोन क्षुल्लक वाटत असेल तर अवनी आठवा. पांढरकवडा-राळेगाव भागातल्या तेरा माणसांच्या मृत्यूंचा ठपका त्या वाघिणीवर होता. सप्टेंबर 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेप नाकारला. आधी बेशुद्ध करून पकडा, ते जमलंच नाही तर मारा, असा क्रम ठरला होता. 2 नोव्हेंबरच्या रात्री तिला गोळी घातली गेली. सांगण्यात आलं, की आधी बेशुद्धीची सुई मारली, ती चवताळून अंगावर आली, म्हणून स्वसंरक्षणासाठी गोळी झाडली. तिचं शवविच्छेदन गोरेवाड्याच्या बचाव केंद्रात झालं. गोळी डाव्या अंगाने शिरली होती. अंगावर झेपावणाऱ्या वाघिणीला ती बाजूने कशी लागली, आणि मांडीतली सुई जिवंतपणी लागली की नंतर टोचली, हे प्रश्न तेव्हा महिनोन् महिने गाजले. महाराष्ट्र त्या वेळी दुसरं काही नाही, कोनच मोजत होता. फक्त वाघीण मेल्यानंतर.

मेलेलं जनावर साक्ष देतं ती एवढीच. गोळी कुठून शिरली, कुठे थांबली, प्राणी वळलेला होता की समोर. मारणाऱ्याचा शब्द आणि ही खूण जुळते का, हे कुणालाही तपासता येतं. म्हणून कोन हे मारणाऱ्याच्या जबाबदारीचं मोजमाप आहे, आणि ते आधीच घालून द्यायला हवं. 2016 च्या जूनमध्ये बिहारच्या मोकामा भागात बाहेरून बोलावलेल्या नेमबाजांनी 200 हून अधिक रोही मारले, तेव्हा केंद्रातले दोन मंत्री जाहीरपणे भांडले. पण भांडण मारावे की वाचवावे यावर होतं. किती रोही पोटात गोळी घेऊन शेतात पळाले, हे कुणी विचारलं नाही.

वन्यजीव कायद्याच्या 11व्या कलमात एक चांगली गोष्ट लिहिली आहे: माणसाला धोका झालेलं जनावर पकडताना किंवा हलवताना त्याला कमीत कमी इजा व्हावी. तेच कलम त्याला मारण्याची परवानगीही देतं, पण मारताना इजा कमी व्हावी असा शब्द तिथे नाही. ही उणीव भरून काढायला संसदेची वाट पाहावी लागत नाही. परवानगी वनखातं लेखी देतं, तर अटीही लेखी घालता येतात. रात्रीच्या झोतात नाही. पळत्या जनावरावर नाही. आडवं किंवा तिरकं पाठमोरं उभं असेल तरच, आणि ठरलेल्या अंतराच्या आतच. गोळी लागूनही जनावर निसटलं तर त्याचा माग काढून त्याला संपवण्याची जबाबदारी मारणाऱ्याचीच. मेलेल्या जनावराची पशुवैद्याकडून तपासणी, आणि गोळी कुठून शिरली याची नोंद.

तुमच्या गावात उद्या अशा परवानगीचा अर्ज होईल, कदाचित तुम्हीच कराल. कागद हाती आला की त्यावर या पाच अटी आहेत का ते वाचा, आणि नसतील तर सही करण्याआधी त्या मागून घ्या.