सातबाऱ्यावर माती नाही

सातबारा उतारा समोर ठेवून पाहा. गट क्रमांक, क्षेत्र, भोगवटादाराचं नाव, आकार, बँकेचा बोजा, पोटखराबा किती, सगळं लिहिलेलं असतं. माती मात्र नसते. ती किती खोल आहे, खाली मुरूम आहे की चुनखडी, पाणी मुरतं की तुंबतं, याबद्दल जमिनीच्या या सर्वांत महत्त्वाच्या कागदावर एक शब्द नाही.

याची किंमत मी घरात पाहिली आहे. माझ्या धाकट्या भावाने वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यात दोन एकरांवर संत्रा लावला. वरून पाहिलं तर चांगली काळी जमीन. पाच वर्षं झाडं नजर लागावी अशी वाढली. सहाव्या वर्षी पानं पिवळी पडायला लागली, शिरा तेवढ्या हिरव्या. लोहाची फवारणी झाली, थोडा फरक पडला आणि पुन्हा तेच. शेवटी एका झाडाशेजारी कमरेइतका खड्डा खणला. अडीच फुटांवर काळी माती संपली आणि पांढरट थर लागला. त्यावर आम्लाचे चार थेंब टाकले, तर माती फसफसून वर आली. मुळं त्या थराला टेकून आडवी वळली होती. लोह मातीत होतं, पण एवढ्या चुनखडीत ते झाडाला घेता येत नव्हतं.

खड्डा कलमं लावण्याआधी खणायला हवा होता, हे कबूल. पण त्याच शिवारात आजवर कितीतरी विहिरी खणल्या गेल्या. प्रत्येक विहिरीत हा थर कोणीतरी डोळ्यांनी पाहिला असणार. ते ज्ञान विहिरीच्या मलब्याबरोबर बांधावर पडलं आणि तिथेच राहिलं.

म्हणून माझं म्हणणं असं: जमिनीची मालकी जशी सार्वजनिक नोंद आहे, तशी मातीचीही सार्वजनिक नोंद हवी. ती देशातल्या सगळ्या संस्थांनी मिळून, एका प्रमाणात, एका परिभाषेत करावी आणि गट क्रमांकावर शेतकऱ्याला द्यावी.

हे पूर्वी कोणी केलंच नाही, असं नाही. वर्धा नदीपलीकडे वऱ्हाडात १८६०च्या दशकापासून मुंबई इलाख्याच्या पद्धतीने मोजणी झाली. त्या पद्धतीत प्रतबंदी करणारा माणूस शेतात जागोजाग खणून मातीची खोली हातांत मोजत असे, पावणेदोन हातांपर्यंत. रंग आणि पोत पाहून मातीचा वर्ग ठरे. मग दोष लावले जात: चुनखड, रेती, उतार, पाणथळपणा. दोषागणिक प्रत खाली येई आणि सोळा आण्यांपासून दोन आण्यांपर्यंत शेताचं मोल ठरे. अलीकडच्या काठावर, आपल्या जिल्ह्यात, मध्य प्रांताची मालगुजारी होती. इथल्या बंदोबस्तात काळी, मोरंड, खरडी, बरडी अशा लोकांच्याच शब्दांत माती लिहिली गेली. नदी एक, खालचा काळा दगड एक, माती तीच. पण आष्टीच्या शेताची नोंद एका भाषेत आणि समोरच्या मोर्शीची दुसऱ्या भाषेत. ही फाळणी मातीने केली नाही, दप्तरांनी केली. सारा ठरवायचा होता तेव्हा सरकारने चुनखड शोधून काढली. संत्रा लावणाऱ्याला ती सांगायची वेळ आली, तेव्हा शेतकऱ्याच्या हातातल्या कागदावर तो शब्दच उरला नव्हता.

आता पूर्वपक्ष पाहू.

पहिला आक्षेप गावातूनच येतो आणि तो मी आदराने ऐकतो. शेतकऱ्याला आपली माती कळते, नकाशा कशाला? कळते, यात शंका नाही. वखर कुठे अडतो, भेगा कुठे हात जाईल एवढ्या पडतात, पावसाने ताण दिला की कोणत्या तासातली पऱ्हाटी आधी माना टाकते, हे त्याच्याइतकं कोणत्याही शास्त्रज्ञाला ठाऊक नाही. पण नांगर जातो वीतभर. संत्र्याची मुळं आणि तुरीचं सोटमूळ त्याच्या कितीतरी खाली जातात. शिवाय हे ज्ञान माणसाबरोबर असतं. शेत विकलं, मक्त्याने दिलं, बटईने दिलं, की नवा माणूस पुन्हा पहिल्यापासून ठेचा खातो. आणि बँक किंवा विमा कंपनी शेतकऱ्याच्या तोंडच्या मोरंड-बरडीवर विश्वास ठेवत नाही. तिला कागद लागतो. तो कागद शेतकऱ्याच्याच ज्ञानाने भरला, तर त्याच्या शब्दाला वजन येईल.

दुसरा आक्षेप: मृदा आरोग्य पत्रिका आहे ना! २०१५च्या फेब्रुवारीत ही योजना सुरू झाली. नत्र, स्फुरद, पालाश, सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, सूक्ष्म अन्नद्रव्यं अशा बारा गोष्टी तिच्यात येतात. ती उपयोगाची आहे, तिची निंदा मी करणार नाही. पण तिच्यासाठी नमुना घेतात तो वरच्या वीतभर मातीचा, आणि योजनेच्या मूळ आखणीप्रमाणे कोरडवाहूत दहा हेक्टरांच्या चौकटीत एक. वर्ध्याची बहुतेक शेती कोरडवाहू, म्हणजे पाच-सात शेतकऱ्यांच्या नावे एकाच नमुन्याचा निकाल येऊ शकतो. त्यातून खताचा डोस कळतो. मातीची खोली, खालचा चुनखडीचा थर, निचरा यांचा पत्ता लागत नाही. अन्नद्रव्यं दोन-तीन हंगामांत बदलतात. मातीची खोली आपल्या आयुष्यात फारशी बदलत नाही, मग ती एकदाच नीट का मोजू नये?

तिसरा आक्षेप कार्यालयांतून ऐकू येतो: नकाशे तयार आहेत. आहेत. राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्यूरो ही १९७६मध्ये स्थापन झालेली देशाची संस्था नागपुरात आहे, वर्ध्याहून पाऊणशे किलोमीटरवर. तिने साऱ्या देशाचा मृदा नकाशा केला, महाराष्ट्राचा १९९५मध्ये प्रसिद्ध केला. काम थोर आहे. पण त्या सर्वेक्षणाचं प्रमाण १:२,५०,०००, म्हणजे कागदावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे अडीच किलोमीटर. एका चौरस सेंटिमीटरात सव्वासहाशे हेक्टर बसतात. अख्खं गाव एका नखाखाली झाकलं जातं. राज्याचं धोरण आखायला हा नकाशा चालतो, भावाची बाग लावायला चालत नाही. १:१०,००० प्रमाण घेतलं की तोच चौरस सेंटिमीटर एका हेक्टराचा होतो. तिथे शेत दिसू लागतं.

जमीन राज्यांचा विषय आहे, केंद्राने त्यात पडू नये, असंही म्हणतात. संविधानाच्या राज्यसूचीत जमीन आहे, हे खरं. पण वर्धा नदी मध्य प्रदेशात मुलताईजवळ उगम पावते, आणि तिच्या खोऱ्यात धुपणारी माती राज्याची हद्द विचारत नाही. अधिकार राज्याचा राहू द्या, परिभाषा देशाची असू द्या. दोन्हींत भांडण नाही.

सगळ्यात वजनदार आक्षेप मी शेवटी ठेवला आहे. माहिती खुली झाली की दलाल आणि कंपन्या चांगली माती हेरून घेतील. समृद्धी महामार्ग ज्यांच्या शिवारातून गेला, त्या गावांना ही भीती सांगावी लागत नाही. भीती खरी आहे, निष्कर्ष मात्र उलटा आहे. मोठा खरेदीदार आजही उपग्रहाची चित्रं विकत घेतो, खासगी तज्ज्ञ बोलावतो, खड्डे खणवून पाहतो. अंधारात राहतो तो फक्त विकणारा. ज्याला आपल्या दीड मीटर काळ्या मातीचं मोल कागदावर दाखवता येईल, तो भाव सांगू शकेल. मृदा नकाशावर मालकाचं नाव घालायची गरज नाही. कर्ज, वारसा, वाद यांचा त्याच्याशी संबंध नाही. मालकीचा उतारा आज इंटरनेटवर कोणालाही पाहता येतो. मातीच तेवढी झाकून ठेवण्यात शेतकऱ्याचं कोणतं हित आहे?

हे होऊ शकतं का? शेजारी झालं आहे. कर्नाटकात जागतिक बँकेच्या साहाय्याने चाललेल्या सुजला प्रकल्पात नागपूरच्या याच ब्यूरोने राज्यातली कृषी विद्यापीठं बरोबर घेतली आणि १:७,९२० प्रमाणाच्या गावनकाशावर, शेतागणिक, माती नोंदवली. अमेरिकेत मृदा सर्वेक्षण १८९९मध्ये सुरू झालं. केंद्र, राज्यं आणि विद्यापीठं यांनी मिळून ते पुढे नेलं आणि २००५पासून ते कोणालाही घरबसल्या फुकट पाहता येतं. तिथे शंभर वर्षं लागली, कारण पायी फिरून काम झालं. आपल्याकडे उपग्रह आहेत, गावनकाशे संगणकावर आले आहेत.

तुकडे सगळे इथेच आहेत. थरांच्या नोंदी नागपूरच्या ब्यूरोकडे. केंद्रीय कृषी मंत्रालयाचं मृदा सर्वेक्षण वेगळं. पीकप्रयोग अकोल्याच्या कृषी विद्यापीठाकडे आणि सेलसुऱ्याच्या कृषी विज्ञान केंद्राकडे. उपग्रहचित्रं नागपूरच्या महाराष्ट्र सुदूर संवेदन केंद्राकडे, विहिरींच्या पातळ्या भूजल यंत्रणेकडे, गटांच्या सीमा भूमी अभिलेखाकडे. हवामानाशी जुळवून घेणाऱ्या शेतीच्या पोकरा प्रकल्पात वर्धा जिल्हा आला, तेव्हा मुंबईच्या आयआयटीने गावागावांचा पाण्याचा ताळेबंद मांडून दिला. मातीची माहिती नसती तर तो मांडता आला नसता. एवढं सगळं असून आर्वीच्या शेतकऱ्याला अडीच फुटांवर काय आहे ते सांगणारी एकही खिडकी नाही.

वर्ध्याच्या मगनवाडीत काम करणारे गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा यांनी गावाच्या गरजेप्रमाणे जमिनीचा वापर ठरवायची संतुलित शेतीची योजना मांडली होती. ती वाचताना मला सारखं वाटतं, त्या योजनेच्या हाताशी मातीचा नकाशा असता तर!

नकाशा मराठीत हवा आणि त्यात शास्त्रीय नावाशेजारी मोरंड, खरडी, बरड, चोपण हे शब्द हवेत. चूक दिसली तर दुरुस्तीचा अर्ज करायचा हक्क शेतकऱ्याला हवा, सातबाऱ्यावरच्या चुकीसाठी असतो तसाच. आणि कोणी विहीर खणली, शेततळं खणलं, तर त्या खड्ड्याच्या थरांचा फोटो आणि मोजमाप गट क्रमांकासह नोंदवायची सोय ग्रामपंचायतीत हवी.

वर्धा जिल्ह्यातल्या वाचकांना माझी विनंती आहे. येत्या ग्रामसभेत ठराव मांडा: आमच्या शिवाराचा मृदा नकाशा १:१०,००० प्रमाणात, गट क्रमांकासह, मराठीत मिळावा. ठरावाची प्रत जिल्हाधिकाऱ्यांना द्या, जिल्हा अधीक्षक कृषी अधिकाऱ्यांना द्या आणि एक नागपूरच्या ब्यूरोला पाठवा. आणि यंदा कलमं लावणार असाल, तर त्याआधी कमरेइतका एक खड्डा खणा.