आपल्या हातची यंत्रणा

खेळातील आगगाडी पाहून ज्याचे मन हरखत नाही, असे मूल विरळाच. इवलेसे इंजिन बोगद्यातून बाहेर येते आणि त्याच्यामागून चार डबे डुलत डुलत येतात, तेव्हा मोठ्या माणसांचीही पावले क्षणभर थबकतात. परंतु गाडी धावताना पाहणे निराळे आणि ती कोणाच्या आज्ञेने, कशी धावते हे जाणणे निराळे. पहिल्याने करमणूक होते. दुसऱ्याने मनुष्य शहाणा होतो. म्हणून अशा गाडीची नियंत्रण-यंत्रणा बाजारातून तयार आणण्यापूर्वी, निदान एकदा तरी, ती स्वतः घडवून पाहावी.

ही यंत्रणा करते तरी काय? जुन्या पद्धतीत रुळांतील विजेचा दाब वाढविला की इंजिन वेगाने धावे आणि कमी केला की मंदावे. एकाच रुळावर दोन इंजिने ठेवली, तर दोन्ही एकदमच हलत. एक थांबवून दुसरे चालवावयाचे, तर रुळांचे अलग अलग तुकडे पाडून प्रत्येकाला स्वतंत्र कळ बसवावी लागे. डिजिटल पद्धतीने ही अडचण दूर केली. या पद्धतीत रुळांना वीज सदैव पूर्ण दाबाने मिळते आणि तीच वीज संदेशही वाहून नेते. प्रत्येक इंजिनाला एक क्रमांक असतो व त्याच्या पोटात ‘डिकोडर’ नावाचे छोटेसे विद्युतमंडल असते. वर्गात हजेरी घेताना सर्व मुले ऐकतात, पण ज्याचे नाव पुकारले जाते तोच ‘हजर’ म्हणतो; तद्वत संदेश सर्व इंजिनांपर्यंत पोहोचला, तरी ज्याचा क्रमांक त्यात असेल तेवढेच इंजिन आज्ञा पाळते.

या संदेशाच्या लिपीत अक्षरे दोनच: एक आणि शून्य. रुळांतील विजेची दिशा सतत पालटत असते. ती 58 मायक्रोसेकंदांनी पालटली तर ‘एक’. 100 किंवा अधिक मायक्रोसेकंदांनी पालटली तर ‘शून्य’. एक मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग! संदेशाच्या आरंभी सावध करणारी ‘एक’ची रांग, मग इंजिनाचा क्रमांक, मग आज्ञा आणि शेवटी पडताळणीचे अंक, असा त्याचा क्रम असतो. पडताळा जुळला नाही, तर डिकोडर तो संदेश टाकून देतो. चाकांवर धूळ बसल्याने एखादा संदेश हुकतो. म्हणून यंत्रणा तो पुनःपुन्हा पाठविते.

हे सारे ऐकून कोणी म्हणेल, “तयार यंत्रणा दुकानात मिळते आणि ती चांगली चालते. घरात नळ असताना विहीर खणावी कशाला?” आक्षेप बिनतोड वाटतो खरा. तयार वस्तू वेळ वाचविते, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु ती बिघडली म्हणजे विकत घेणारा तिच्यापुढे हात जोडून उभा राहतो. घडविणारा मात्र तार सुटली की क्रमांक चुकला, की काळाचे माप बिघडले, हे एकेक करून तपासतो. हे शोधण्याचे वळण कोणत्याही दुकानात विकत मिळत नाही.

या वळणाचे फळ किती दूरवर जाते, याचा दाखला अमेरिकेतील केंब्रिज येथे सापडतो. तेथील मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्थेत विद्यार्थ्यांचा ‘टेक मॉडेल रेलरोड क्लब’ आहे. 1950 नंतरच्या दशकात त्यातील काही विद्यार्थ्यांनी टेलिफोनच्या तबकड्या आणि रिले, म्हणजे विजेने उघडमीट होणाऱ्या कळा, जमवून आपल्या गाड्यांची नियंत्रण-यंत्रणा उभारली. त्यांच्यापैकीच अनेक जण पुढे संस्थेतील संगणकांकडे ओढले गेले. 1961 साली संस्थेला मिळालेल्या ‘पीडीपी-1’ या संगणकावर स्टीव्ह रसेल व त्याचे सहकारी यांनी 1962 साली ‘स्पेसवॉर’ हा खेळ रचला. संगणकावरील अगदी आरंभीच्या खेळांत त्याची गणना होते. टेबलाखालच्या तारांत हाताळलेले तर्कशास्त्र त्या तरुणांना संगणकापुढेही उपयोगी पडले.

मात्र स्वतः घडविणे म्हणजे जगाशी फटकून वागणे नव्हे. वर सांगितलेली संदेशलिपी एका जर्मन कारखान्याच्या पद्धतीवरून अमेरिकेतील ‘नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशन’ने 1990 नंतरच्या दशकात प्रमाण म्हणून ठरविली आणि तिचे नियम सर्वांसाठी खुले ठेवले. 2005 साली इटलीतील इव्हरिया येथे जन्मलेल्या ‘आर्डुइनो’ या स्वस्त संगणक-पाटीचा आराखडाही खुलाच आहे. अशा पाटीवर संदेश रचावा, दुसऱ्या विद्युतमंडलाने त्याला बळ द्यावे आणि तो रुळांवर सोडावा. मग हे नियम पाळणारे, कोणत्याही कारखान्यातील इंजिन ती घरगुती आज्ञा मानते. स्वावलंबनाला समाजाने मान्य केलेल्या नियमाची जोड मिळाली, तरच ते फळाला येते.

घडविणाऱ्यावर जबाबदारीही येते. घसरलेल्या गाडीची चाके दोन्ही रुळांना भलत्याच ठिकाणी टेकली, तर प्रवाह एकाएकी वाढतो आणि तारा तापतात. असा प्रवाह तत्क्षणी तोडणारा भाग यंत्रणेत हवाच. घरातील मुख्य विजेला हात न लावता, कमी दाबाची वीज देणारे तयार साधन घ्यावे आणि तारांना डाख देताना जाणते माणूस जवळ असावे.

आज मनुष्य पावलोपावली यंत्रे वापरतो. पण त्यांच्या पोटात काय चालते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. जो समाज केवळ कळ दाबणे जाणतो, तो यंत्रे घडविणाऱ्यांचा कायमचा मिंधा होतो. एक लहानसे इंजिन आपल्या हातच्या यंत्रणेने चार हात पुढे सरकले, तर त्याबरोबर ते घडविणारे मूलही त्या मिंधेपणातून एक पाऊल बाहेर पडते.